कान आपला, यादी परक्याची

जून उजाडला की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गाइडांचे गठ्ठे सुटू लागतात. दहावीचे गाइड घ्या, बँकेच्या परीक्षेचे घ्या नाहीतर स्पर्धा परीक्षेचे. इंग्रजीच्या भागात एक पान ठरलेले असते. 'उच्चारसाधर्म्यामुळे गोंधळात टाकणारे शब्द' असे काहीतरी भारदस्त नाव, खाली जोड्या आणि समोर मराठी अर्थ. अफेक्ट आणि इफेक्ट. ॲक्सेप्ट आणि एक्सेप्ट. शांततेचा पीस आणि तुकड्याचा पीस. कॉलेजातला प्रिन्सिपल आणि तत्त्व या अर्थाचा प्रिन्सिपल. प्रकाशक बदलतात, मुखपृष्ठावरचे हसरे विद्यार्थी बदलतात, जोड्या मात्र त्याच राहतात. एका गाइडातून दुसऱ्यात त्या जशाच्या तशा उतरतात आणि मुले त्या घोकतात.

या जोड्या निवडल्या कुणी, हे कुणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की ही यादी इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांच्या चुकांवरून बनलेली आहे. आपल्या मुलांचा गोंधळ वेगळ्या ठिकाणी होतो आणि तिथली यादी शाळांनी कधी केलेलीच नाही. शेजाऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट वाचून आपण गोळ्या घेत आलो आहोत.

इंग्रज मूल इंग्रजी आधी ऐकते. 'देअर' हा आवाज शाळेत जाण्यापूर्वीच त्याच्या तोंडून हजारदा निघालेला असतो. मग शाळेत त्याला कळते की या एका आवाजाची स्पेलिंगे तीन आहेत: 'तिथे'चे एक, 'त्यांचे'चे दुसरे आणि 'ते आहेत'चे, वर ॲपॉस्ट्रॉफी लटकावलेले, तिसरे. कानाला हा फरक कधी माहीतच नव्हता. त्यामुळे मोठेपणी घाईत लिहिताना हात कानाचे ऐकतो आणि चुकतो. चांगली शिकलेली इंग्रज माणसे 'तुझे' लिहायचे तिथे 'तू आहेस' लिहून जातात. 'इट्स'मधल्या त्या ॲपॉस्ट्रॉफीने तिकडच्या संपादकांना पिढ्यान्‌पिढ्या छळले आहे.

मराठी शाळेतल्या मुलाची वाट उलटी. त्याला शब्द आधी दिसतो, नंतर ऐकू येतो, आणि कित्येकदा ऐकू येतच नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढ्या इंग्रजी डोळ्यांनी शिकल्या. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले, तरी बहुतेक वर्गांत ते फळ्यावरच राहिले. 'त्यांचे'चा 'देअर' या मुलाला भेटतो तोच मुळी टी-एच-ई-आय-आर असा, अक्षरे मोजत. 'यू आर'चे जोडरूप तो व्याकरणाच्या तासाला फोड करून शिकतो. म्हणून मँचेस्टरच्या पदवीधराकडून होणारी ही चूक साताऱ्याच्या बारावीतल्या मुलीकडून सहसा होत नाही. वह्या तपासणाऱ्या शिक्षकांना विचारून पाहा. ती चुकते काळात, 'अ' आणि 'द'मध्ये, क्रियापदामागे कुठले अव्यय लावायचे यात. आवाजामुळेही चुकते, पण गाइडातल्या पानाला त्या चुकांचा पत्ता नसतो.

इंग्रजीत या जोड्या आल्या कुठून, हे एकदा पाहिले की त्यांचा धाक बराच कमी होतो. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना घातला. छापखान्यांमुळे स्पेलिंग हळूहळू ठरीव होऊ लागले, आणि नेमक्या त्याच काळात इंग्रजांचे उच्चार बदलत होते. साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत त्यांचे दीर्घ स्वर एकामागून एक सरकले. मांसाचा 'मीट' आणि भेटण्याचा 'मीट' हे जुना इंग्रज कवी चॉसर याच्या काळी वेगवेगळे ऐकू येत. एकात ई-ए आणि दुसऱ्यात ई-ई ही त्या वेगळेपणाची उरलेली खूण. समुद्राचा 'सी' आणि पाहण्याचा 'सी' यांचेही तेच. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला के तेव्हा तोंडाने म्हणत, लिहिण्याच्या 'राइट'मधला डब्ल्यूही म्हणत. आवाज गेले, अक्षरे मागे राहिली. आज जे घोकावे लागते ते त्या लोकांना घोकावे लागत नव्हते.

काही जोड्या तर मुळात जोड्याच नव्हत्या. फुलाचा 'फ्लॉवर' आणि पिठाचा 'फ्लॉवर' हा एकच शब्द. दळलेल्या धान्यातला उत्तम भाग म्हणजे त्याचे फूल, म्हणून पिठाला ते नाव पडले आणि स्पेलिंग फार पुढे वेगळे झाले. धातूचा 'मेटल' आणि माणसाच्या अंगातल्या दमाचा 'मेटल' हेही एकच. 'स्टेशनरी'चा किस्सा मला सर्वांत आवडतो. गाइड सांगते, शेवटाकडे ए असेल तर स्थिर, ई असेल तर कागद-पेन, आणि लक्षात ठेवायला 'एन्व्हलप'मधला ई. पण मध्ययुगात विद्यापीठांच्या आसपास, गावोगाव न हिंडता, एका जागी दुकान थाटून पुस्तके विकणारा तो 'स्टेशनर'. कागद विकणारा स्थिर होता म्हणून त्याच्या मालाला स्टेशनरी म्हणू लागले. तेव्हा आपल्याकडच्या जनरल स्टोअर्सच्या पाटीवर ए घालून लिहिलेली स्टेशनरी कोशात चूक असली तरी इतिहासात तितकीशी चूक नाही.

आणि जो फरक एका देशात पाळला नाही तर निरक्षर ठरवतात तो दुसऱ्या देशात अस्तित्वातच नसतो. 'प्रॅक्टिस' हे नाम असेल तर सी आणि क्रियापद असेल तर एस, हा ब्रिटिशांचा नियम. अमेरिकेत दोन्हीकडे सी. 'लायसन्स'मध्ये अमेरिकेने दोन्हीकडे एस ठेवला. गंमत म्हणजे आपल्या गाइडात पान ब्रिटिश असते आणि ज्या सॉफ्टवेअर कंपनीत मुलाला नोकरी हवी असते तिचा संगणक बहुधा अमेरिकन स्पेलिंग मागतो.

हेन्री फाउलरने १९२६ साली इंग्रजीच्या वापराचा जो प्रसिद्ध कोश काढला त्यात अशा शब्दांसाठी एक स्वतंत्र नोंद आहे, 'पेअर्स अँड स्नेअर्स', जोड्या आणि सापळे. फाउलर लिहीत होता तो शिकलेल्या इंग्रजांसाठी. त्याच्या आधी दीडशे वर्षे, १७७५ मध्ये, शेरिडनने 'द रायव्हल्स' नाटकात मिसेस मॅलाप्रॉप हे पात्र रंगवले. ही बाई ॲलिगेटर म्हणायच्या जागी ॲलिगरी म्हणते. सुसरीच्या जागी रूपककथा येते आणि नाट्यगृह हसते. हसू येते याचे कारण बाई अस्सल इंग्रज आहे आणि तोऱ्यात बोलते आहे. फाउलर काय, शेरिडन काय, दोघांच्या नजरेसमोर स्वतःच्याच भाषेत घसरणारी माणसे होती.

यात आपल्याला नवल वाटू नये. आपल्याकडे 'आवाहन' आणि 'आव्हान' यांचे काय झाले आहे ते पाहा. मंडळाला रक्तदानाचे आवाहन करायचे असते आणि फ्लेक्सवर ते नागरिकांना चक्क आव्हान देऊन बसते. 'परिमाण'च्या जागी 'परिणाम', 'गृह'च्या जागी 'ग्रह'. मराठी नव्याने शिकणारा परका असे लिहीत नाही, घरीदारी मराठी बोलणारा लिहितो. ऱ्हस्व-दीर्घाचे तर विचारूच नका. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, 'शिर' म्हणजे डोके आणि 'शीर' म्हणजे नस, 'पाणि' म्हणजे हात आणि 'पाणी' म्हणजे पाणी. हा फरक आपण बोलताना क्वचितच करतो. तो फक्त लिहिताना करायचा असतो. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये आणखी ४ आले, तरी हा गोंधळ हटला नाही.

आता दुसरी बाजू. 'जग' हा शब्द घ्या. 'सारे जग' यातला ज आणि 'सुखाने जग' यातला ज यांचे उच्चार वेगळे. लिपीत अक्षर एकच. तरी शाळेत न गेलेला मराठी माणूससुद्धा इथे चुकत नाही. कोलकात्याहून बदलून आलेला बँक मॅनेजर दहा वर्षे राहूनही चुकतो. 'जरा थांबा' यातला जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा यांचेही तसेच. म्हणजे मराठी शाळेच्या पुस्तकात 'दिन-दीन'ची यादी हवी, पण त्या मॅनेजरच्या हाती तीच यादी दिली तर त्याचा उपयोग शून्य. त्याला 'जग-जग' शिकवायला हवे, आणि ते आपल्या शालेय पुस्तकांत सहसा नसते, कारण आपल्याला त्याची कधी गरज पडली नाही. इंग्रजीच्या बाबतीत आपण त्या मॅनेजरच्या जागी आहोत.

मग आपला कान कुठे चुकतो? माझ्या मते याचे उत्तर आपल्या लिपीत आहे. इंग्रजीचा जो फरक देवनागरी लिहू शकते तो मराठी माणसाला ऐकू येतो. जो ती लिहू शकत नाही तो ऐकूच येत नाही. मराठीने इंग्रजीसाठी दोन स्वर घेतले, ॲ आणि ऑ, आणि २००९ च्या शासननिर्णयाने त्यांना वर्णमालेत रीतसर जागाही मिळाली. त्यामुळे 'बॅट' आणि 'बेट', 'पॅन' आणि 'पेन', 'हॉल' आणि 'होल' यांत मराठी मुलाची गल्लत होत नाही. व्ही आणि डब्ल्यूचे उदाहरण याहून बोलके आहे. भारतीयांना या दोहोंतला फरक जमत नाही असे सरसकट म्हणतात. हिंदीत दोन्हींना व. मराठीने मात्र केव्हातरी व्हीसाठी 'व्ह' ठरवून टाकला: व्हॅन, व्हिडिओ, व्हिलन, पण वॉटर, वायर, विकेट. इंग्रजाच्या कानाला हा 'व्ह' काही बरोबर नाही. तरीही 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' मराठी माणसाच्या तोंडी वेगळे राहतात. म्हणजे दिल्लीत छापलेले अखिल भारतीय गाइडसुद्धा आपल्या उपयोगाचे नाही. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर. चेन्नईची यादी आणखी वेगळी होईल. अरबी बोलणाऱ्याच्या भाषेत प नसतो, त्यामुळे दुबईत 'पार्किंग'चे 'बार्किंग' ऐकू आले तर कुत्रे शोधायचे नसते.

आपला खरा खड्डा आहे तो 'ए'च्या मात्रेत. इंग्रजीत इथे दोन आवाज आहेत. एक तोकडा, मिळवण्याच्या 'गेट'मधला. दुसरा लांबवत इ-कडे झुकणारा, दाराच्या 'गेट'मधला. देवनागरीत दोन्हींना एकच मात्रा, आणि मराठी तोंडात दोन्हींचा एकच मधला 'ए'. परीक्षा आणि चव दोन्ही 'टेस्ट'. वय आणि कडा दोन्ही 'एज'. तारीख आणि कर्ज दोन्ही 'डेट'. पत्र आणि नंतर दोन्ही 'लेटर'. हॉटेलच्या मेनूकार्डावर 'पेपर डोसा' आणि 'पेपर चिकन' एकाखाली एक असतात. पहिला कागदासारखा पातळ, दुसऱ्यात मिरी. 'सेल' जरा नीट उलगडून पाहा. विक्री आणि शीड हे दोन शब्द इंग्रजालाही एकसारखेच ऐकू येतात. विकणे आणि कोठडी किंवा घड्याळाचा सेल हे दोन शब्दही त्याला एकसारखे. पण पहिल्या दोघांत आणि दुसऱ्या दोघांत त्याच्या कानाला स्पष्ट अंतर आहे. आपल्याकडे चौघे मिळून एक. गाइडात विक्री आणि शीड यांची जोडी सापडेल, विकणे आणि कोठडी यांचीही सापडेल. विक्री आणि विकणे यांची बहुधा नसेल, कारण ती जोडी इंग्रजाला कधी अडलीच नाही. 'मी तुझी वेट करते' आणि 'मी वेट कमी केलं' यांतले दोन वेट इंग्रजाला सारखेच. तिसरा, ओला या अर्थाचा 'वेट', फक्त आपण त्यांत बसवला आहे.

'लूज'चे प्रकरण वेगळ्याच दिशेने जाते. सैल या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या शेवटी स आहे: 'लूस'. हरवणे या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी झ. इंग्रज बोलताना यात कधीच चुकत नाही, लिहिताना मात्र एक ओ जास्त घालतो आणि त्याच्या संपादकाचा पारा चढतो. आपण पँटही लूज म्हणतो, पोट बिघडले तर मोशनही लूज आणि मॅच हरली तरी लूजच. चूक कागदावर दोघांची सारखी दिसते, पण तिथे पोहोचण्याचे रस्ते वेगळे आहेत. त्याला स्पेलिंग सांगावे लागेल, आपल्याला उच्चार. शिक्षक दोघांनाही एकच ओळ घोकायला देतो. दीर्घ-ऱ्हस्वातही असेच घडते. 'फॉर्म फिल केला' आणि 'मस्त फील आला' हे कागदावर आपण वेगळे लिहितो, कारण लिपीत सोय आहे. तोंडी मात्र ज्या भाषेत 'दिन' आणि 'दीन' सारखेच निघतात तिथे 'लिव्ह' आणि 'लीव्ह' यांचे वेगळे काय होणार? माझ्या सिद्धांताला इथे थोडी मुरड घालावी लागते हे मला दिसते. लिपीत फरक असणे पुरेसे नाही, बोलण्यातही तो जिवंत असावा लागतो. ॲ आणि ऑ आपण बोलतो. ऱ्हस्व-दीर्घ आपण फक्त लिहितो.

जाता जाता, हा लेख देवनागरीत लिहिताना मला 'प्रिन्सिपल'चे दोन अर्थ सांगायला विशेषणे जोडावी लागली. देवनागरीत ते दोन शब्द नाहीतच. मराठी वाचकाला त्यावाचून काही अडत नाही, हेही या निमित्ताने दिसून येते.

या सगळ्यावर एक आक्षेप ठरलेला आहे: इतका कीस पाडायचा कशाला? संदर्भाने कळतेच की. आणि बहुतेक वेळा ते खरेच आहे. 'सेल गेला' आणि 'सेल लागला' यांत कुणाचा गोंधळ होतो? पाटीवर ए असो की ई, दुकानात वही मिळते. स्टेशनरीच्या ए-ईवरून किंवा इट्सच्या ॲपॉस्ट्रॉफीवरून अर्थाचे काडीइतके नुकसान होत नाही. होते ते लिहिणाऱ्याचे. नोकरीच्या अर्जात अशी एक चूक दिसली की वाचणारा मनात म्हणतो, हा मराठी मीडियमचा. हा भाषेचा प्रश्न नव्हे, जातकुळी ओळखण्याचा आहे, आणि तो तसाच उघड मांडावा. मुलांना हे फरक जरूर शिकवा, पण 'यामुळे अर्थ बदलतो' असे खोटे सांगून नको. 'यामुळे तुझ्याकडे बघण्याची नजर बदलते' हे खरे कारण सांगा. चौदा वर्षांच्या मुलीला ते चांगले कळते.

अर्थ खरोखर उलटतो अशाही जोड्या आहेत, आणि गाइडात त्या शेवटी, घाईत उरकलेल्या असतात. लीजच्या कागदात 'लेसॉर' म्हणजे जागा देणारा आणि 'लेसी' म्हणजे घेणारा; टायपिस्टच्या हातून शेपूट बदलले तर मालकाचा भाडेकरू होतो. 'प्रिस्क्राइब' म्हणजे लावून देणे आणि 'प्रोस्क्राइब' म्हणजे बंदी घालणे. संगणकाचा स्पेलिंग तपासनीस इथे गप्प बसतो, कारण दोन्ही शब्द त्याच्या यादीत आहेत. ज्याला तो शब्द चुकीचा वाटत नाही, त्याला वाक्य चुकीचे आहे हे कुठून कळणार? हल्ली बोलून टाइप करतात, तिथे यंत्र आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधते. 'लूज' म्हणालात तर काय उमटेल ते त्या अंदाजावर.

जिवावर बेतते तिथे लोक काय करतात, ते पाहण्यासारखे आहे. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी फ्लाइंग टायगर कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान सिंगापूरहून क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळाकडे येत होते. नियंत्रण कक्षाने सांगितले, खाली या, टू फोर झीरो झीरो. म्हणजे २,४०० फुटांपर्यंत. वैमानिकांच्या कानाने पहिला 'टू' आकडा न धरता 'पर्यंत' या अर्थाचे अव्यय धरले, आणि उरले फोर झीरो झीरो. ४०० फूट. त्यांनी रेडिओवर तसे बोलूनही दाखवले, ते कुणी दुरुस्त केले नाही. कॉकपिटमधले यंत्र जमीन जवळ आल्याचा इशारा देत राहिले, त्याकडेही लक्ष गेले नाही. विमान टेकडीवर आदळले आणि चौघेही गेले. दोष एकट्या 'टू'चा नव्हता हे उघड आहे. पण वैमानिक अमेरिकन होते, 'टू'ची तिन्ही स्पेलिंगे त्यांना झोपेतही आली असती. पाठांतराचा इथे काडीचा उपयोग नव्हता. उपयोग झाला असता तो 'टू थाउझंड फोर हंड्रेड' असे म्हणण्याच्या ठरीव पद्धतीचा.

विमानवाहतुकीचे शहाणपण नेमके इथे आहे. तिथे माणसाचा कान सुधारायच्या मागे कुणी लागत नाही, शब्दच बदलतात. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे रेडिओवर नऊला 'नाइनर' म्हणायचे, म्हणजे पाच ऐकू येणार नाहीत. पाचाला 'फाइफ', तिनाला 'ट्री', हजाराला 'टाउझंड'. वर्गात असे म्हटले तर बाई उभे करतील. कॉकपिटमध्ये तोच शुद्ध उच्चार.

औषधांच्या नावांतही हेच. अमेरिकेत ॲसिडिटीवरचे 'लोसेक' आणि लघवी वाढवणारे 'लॅसिक्स' यांची गल्लत होऊ लागली, तेव्हा डॉक्टरांना आणि औषध दुकानदारांना जोड्या पाठ करायला लावले नाही. १९९० मध्ये लोसेकचे नाव बदलून 'प्रिलोसेक' केले. २०१६ मध्ये नैराश्यावरचे 'ब्रिंटेलिक्स' तिथे 'ट्रिंटेलिक्स' झाले, कारण 'ब्रिलिंटा' नावाचे रक्ताची गुठळी टाळणारे औषध आधीच बाजारात होते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाकडे जितक्या बारकाईने पाहिले आहे तितके आपल्या अभ्यासक्रम मंडळांनी पाहिलेले नाही, असे मला वाटते. १९६२ मध्ये 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' यांचा वाद न्यायालयासमोर आला. एका बाजूला अमृत, दुसऱ्या बाजूला लक्ष्मण. अर्थाने काही संबंध नाही. न्यायालयाने म्हटले की सामान्य गिऱ्हाईक नावाची फोड करून व्युत्पत्ती पाहत बसत नाही, त्याच्या अर्धवट आठवणीत सबंध नावाचा नाद राहतो. पुढे २००१ मध्ये 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या मलेरियावरच्या दोन औषधांचा खटला आला. दोन्ही नावे त्या रोगाच्या फाल्सिपेरम जंतूवरून घेतलेली. माल डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकला जातो, तेव्हा फसणार कोण, असा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. डॉक्टर आणि औषध विकणारेही चुकू शकतात, औषधाच्या बाबतीत कसोटी अधिक कडक हवी, आणि ज्या देशात इंग्रजी हा सर्वांचा समान धागा नाही तिथे इंग्लंडातले निकष जसेच्या तसे लावता येणार नाहीत, असा त्याचा आशय आहे. हे शब्द सारखे ऐकू येतात का, या प्रश्नाआधी कुणाला ऐकू येतात हे विचारले पाहिजे, हे कायद्याने ओळखले.

शाळेने ओळखायचे तर दोन गोष्टी बदलाव्या लागतील. पहिली म्हणजे जोडी जोडीने शिकवणे बंद करणे. ज्या मुलीला 'इफेक्ट' चांगला येत होता तिच्यासमोर 'अफेक्ट' उभा करून 'यांत गल्लत करू नकोस' असे बजावले की गल्लत सुरू होते. शिक्षकांना हा अनुभव आहे, तरी पुस्तक जोडीच देते. एक शब्द वाक्यांतून पक्का होऊ द्यावा, दुसरा काही महिन्यांनी यावा. आणि एन्व्हलपचा ई, प्रिन्सिपल हा आपला 'पॅल' म्हणजे दोस्त, असल्या युक्त्या ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याच्या सोयीच्या आहेत. मराठी शाळेत मुख्याध्यापकांना दोस्त म्हणायला सांगणारी युक्ती मुलांच्या डोक्यात कशी बसायची?

दुसरी गोष्ट म्हणजे यादी आपल्या कानावरून करणे. पहिले पान 'ए'च्या मात्रेचे: गेट, टेस्ट, सेल, एज, डेट, लेटर, पेपर. ती शिकवायची स्पेलिंगने नव्हे, तोंडाने; दुसऱ्या आवाजाला 'गेऽइट' असे ओढून, हसू आले तरी. दुसरे पान स आणि झचे: लूज, क्लोज, आणि ज्यात नाम सने व क्रियापद झने संपते तो सल्ल्याचा 'ॲडव्हाइस'. तिसरे दीर्घ-ऱ्हस्वाचे. व्ही-डब्ल्यूचे पान लागणार नाही. 'देअर'चे तीन प्रकार शेवटी, आणि तेही ज्या मुलांच्या घरात इंग्रजी बोलतात त्यांच्यासाठी. ती मुले आता पुण्यात आणि ठाण्यात पुष्कळ आहेत, न्यू जर्सीत तर आहेतच, आणि त्यांच्या चुका मँचेस्टरच्या वळणावर जाऊ लागल्या आहेत.

ही यादीही सगळ्या महाराष्ट्राला एक पुरणार नाही. नागपूरच्या कानावर हिंदीचा संस्कार आहे, तिथे 'व्ह'चा भरवसा पुण्याइतका धरता येणार नाही. गोव्यात तर पहिले पानच बदलावे लागेल. कोकणीत 'ए' दोन आहेत, एक मिटलेला आणि एक उघडा, आणि त्यांनी शब्दाचा अर्थ बदलतो. देवनागरीत लिहिताना ते सहसा एकाच मात्रेने लिहितात, तरी म्हापशाच्या बाजारात मासे घेणाऱ्या बाईला त्यांतला फरक बिनचूक ऐकू येतो. तिच्या मुलाला दोन्ही 'गेट' वेगळे करायला पुण्याच्या मुलापेक्षा कमी कष्ट पडावेत. त्याला कुठले शब्द अडतात, ते त्याच्याच वर्गात बसून ऐकावे लागेल.